नारसिंहाचं सोंग कुणाच्या पाठीवर

सूर्यमाळ, ता. मोखाडा
२० ऑक्टोबर २०२४

पुण्याच्या सपनाबाईंना डोंगरावरच्या जगनमामाकडून पिशवीभर माया,

फोन सोडून मामाला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. तुझा मामा पोस्टाची पिशवी खांद्याला लावून पाड्यापाड्याने हिंडतो हे तुला ठाऊक आहे, पण त्या पिशवीत हल्ली काय असतं ते ठाऊक नाही. बँकेची पाकिटं, आधारची पाकिटं, कुणाच्या तरी नोकरीचा नकार. माणसाने माणसाला लिहिलेलं पत्र मी कित्येक वर्षांत पोचवलेलं नाही. निवृत्त व्हायच्या आधी एक तरी खरं पत्र आपल्या पिशवीतून यावं आणि ते आपल्यालाच यावं, अशी हौस आहे. तू उत्तर लिही. मी ते मोखाड्याहून आणीन, आपल्याच दारात उभा राहून स्वतःला हाक मारीन आणि तुझ्या मामीच्या देखत फोडीन.

सध्या खुरासणी फुलली आहे. सगळा माळ पिवळा. सकाळी धुकं असतं तेव्हा खाली काही दिसत नाही, नुसता पिवळा उजेड जमिनीतून वर येतो. अशा वेळी चालत राहावंसं वाटतं. तशी मला चालण्यावाचून गतीच नाही. उठतो तेव्हा पाठ लाकूड झालेली असते, दोन-तीन पाडे पालथे घातले की कुठे ती माझी होते.

आता मुद्द्याचं. बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं नाचतात, त्यातलं नारसिंहाचं सोंग आपल्या घराकडे आहे. ते जड लाकडी तोंड माझ्या डोक्यावर वीस वर्षं नाचलं. त्याआधी माझ्या बापाच्या, म्हणजे तुझ्या तुकाआजोबांच्या. बाप वाकला, मीही वाकलो. पाड्यावर म्हणतात, खांबातून आलेला देव आहे, ज्याच्या डोक्यावर बसतो त्यालाच हळूहळू खांब करतो. यंदाच्या बोहाड्यात सोंग माझ्या तुषारकडे जायचं आहे. पोरगा बावीस वर्षांचा, वाऱ्यासारखा नाचतो. त्याची पाठ बघितली की मला झोप लागत नाही.

परवा स्वप्न पडलं. वाशाला टांगलेलं सोंग खाली उतरलं आणि खुरासणीतून चालू लागलं. पाय नव्हते, तरी फुलं बाजूला होत होती. प्रत्येक दारापाशी ते थांबायचं. मी मागून विचारलं, कुणाचं घर शोधतोस? ते पुढच्या दाराकडे निघालं.

तू त्या संधिवाताच्या संशोधनात आहेस. तुमच्याकडे असं काही यंत्र आहे का, जे सांगेल की आता कुणाची पाळी? तुषारची नसेल तर मी सुखाने सोंग खाली ठेवीन. असेल तर देवालाच हात जोडून सांगेन की हे घर सोड.

तुझा
जगनमामा


पुणे
३ नोव्हेंबर २०२४

मामा,

माझं पत्र हातात घेऊन तू दारात उभा आहेस आणि मामी कपाळावर हात मारते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच लिहायला बसले.

यंत्र आहे, पण ते ज्योतिषी नाही. मागच्या वर्षी नाशिकला काढलेला तुझा एक्स-रे मी मॅडमना दाखवला होता. मॅडम म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. तुझ्या आजाराला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. शरीराची राखण करणारी फौज घरच्यांनाच परकं समजते आणि कण्याच्या सांध्यांवर उठते. सूज येते, विरते, आणि शेवटी मणके एकमेकांना चिकटत जातात. एक्स-रेत असा कणा बांबूसारखा दिसतो. तुझा दिसतो. (सूर्यमाळला बांबूची काय कमी, असं तू म्हणणार, ते मीच लिहून टाकते.)

यात देवाचा हात नाही, मामा. रक्तातून एक खूण येते, बी-सत्तावीस नावाची. आई किंवा बाप, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून लेकराला येते किंवा येत नाही, नाणं उडवावं तसं. गंमत अशी की खूण असूनही बहुतेक माणसं जन्मभर ठणठणीत राहतात. मग काहींनाच आजार का होतो? खुणेच्या जोडीला आणखी काय लागतं? आमचा शोध तोच आहे, आणि एकाच घरातल्या अनेक पिढ्या मिळाल्या तर फार मदत होते.

या महिन्यात आमचं पथक जव्हारला शिबिर घेतंय. तू आणि तुषार दोघं या, रक्त द्या. आणि एक काम कर. आपल्या घराच्या पिढ्या वरपासून लिहून पाठव. कोण वाकलं, कोण ताठ राहिलं, आठवेल तेवढं.

मी मजेत आहे. मला पहाटेचं वेड लागलंय. अंधार असतानाच जाग येते, अंग दगडासारखं जड असतं, मग उठून कालव्याच्या कडेने चालत सुटते. चालता चालता जडपणा विरघळतो आणि वाटतं आपण सूर्यमाळच्या धुक्यातच चाललोय, कुणीतरी पुढे आहे आणि त्याला गाठायचंय. मैत्रिणी हसतात. डोंगरातली पोर आहे, हिला सपाटीवर झोप येत नाही म्हणतात.

तुषारला सांग, घाबरू नको.

तुझी
सपना


सूर्यमाळ
२४ नोव्हेंबर २०२४

आमच्या रक्ताचा हिशेब ठेवणाऱ्या भाचीस,

पत्र मिळालं. हाक मारून फोडलं. मामी म्हणाली, "आता लोकं बोलतील, पोस्टमन खुळावला."

जव्हारला जाऊन आलो. तुषारने रक्त देताना डोळे मिटले आणि मी देताना तो हसला. तुझ्या पथकातल्या मुलीने माझी मान मोजली, पाठ मोजली, भिंतीला टेकून उभं केलं. डोकं भिंतीला लागेना. ती म्हणाली, "काका, जोर लावू नका." मी म्हटलं, बाई, हा जोर लावायचाच प्रकार नाही.

पिढ्या लिहितो. वर ढवळूपणजोबा. त्यांनीच उंबराचं लाकूड आणून सोंग घडवून घेतलं. म्हातारपणी इतके वाकले की आकाश बघायला उताणं झोपायचे. त्यांच्यानंतर मंगळूआजोबा. हे मात्र नवल. तीस-पस्तीस वर्षं सोंग नाचवलं आणि मरेपर्यंत सागासारखे ताठ. मी लहान होतो, पण त्यांचं चालणं अजून दिसतं मला. पाड्यावर म्हणत, नारसिंह मंगळूवर प्रसन्न आहे. त्यांच्यानंतर तुकाआजोबा, ते वाकले. मग मी. बोहाड्यात सोंग निघताना पुकारा होतो, "ढवळूचा, मंगळूचा, तुकाचा, जगनचा नारसिंह आला हो!" तो तू लहानपणी जव्हारहून यायचीस तेव्हा ऐकलेला आहेस. तीच ही नावं.

मला एक कळत नाही. नारसिंहाने मंगळूआजोबांना का सोडलं? ते कळलं तर तुषारसाठीही काही करता येईल.

भात झोडून झालं. नागली घरात आली. तुझी आई असती तर आत्तापर्यंत दोन पायल्या नागली तुझ्याकडे रवाना केली असती. माघी गेल्यापासून माहेरपणाला यायला कुणी उरलं नाही, म्हणून तरी तू येत जा.

जगनमामा


पुणे
५ जानेवारी २०२५

मामा,

उशीर झाला. उजवा डोळा लाल झाला होता, उजेडाकडे बघवेना. संगणकासमोर बसून बसून झालं असणार. डॉक्टरांनी थेंब दिले, उतरलं. मागच्या वर्षीही एकदा असंच झालं होतं.

आता बातमी. तू पाठवलेल्या पिढ्यांचं मी झाड काढलं. आमच्याकडे पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजारी असेल तर काळा रंगवायचा. ढवळू काळा, मंगळू कोरा, तुका काळा, जगन काळा. कागद भिंतीवर लावला आणि मॅडम त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हा कोरा चौकोन सगळ्यांत मोलाचा आहे.

का, ते ऐक. वर ढवळूआजोबांना आजार, खाली तुकाआजोबांना आजार. म्हणजे ती खूण मंगळूआजोबांच्या अंगातून खाली आली असणार. तरी ते ताठ राहिले, डोक्यावर एवढं लाकूड नाचवूनही. त्यांच्या रक्तात दुसरं काहीतरी होतं ज्याने त्यांना राखलं. ते काय, हे सापडलं तर? मॅडमनी यावर वेगळा प्रस्ताव लिहायला घेतलाय. नारसिंह प्रसन्न होता हे पाड्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, फक्त त्याचं ठिकाण आम्ही शोधतोय.

मला वेड्यासारखी स्वप्नं पडतात. मंगळूआजोबा खुरासणीतून ताठ चालत येतात, ओंजळीत काहीतरी झाकून आणलेलं. मी हात पुढे करते आणि जाग येते. ते एकदा हातात आलं ना मामा, तर आधी तुला देणार आहे.

झाडात आईचं आणि माझं नाव मी घातलेलं नाही. आपल्या घरात हे पुरुषांनाच होतं, आणि जगातही पुरुषांमध्येच जास्त सापडतं, असं वाचत आलोय. कागदही लहान होता.

तुषारचा निकाल मला माहीत आहे, पण मी सांगू शकत नाही. तो त्याचा आहे. जव्हारला येणारे डॉक्टर त्यालाच सांगतील. माझ्या अक्षरावरून काही ताडू नकोस.

सपना


सूर्यमाळ
२१ जानेवारी २०२५

सपना,

आधी गोड. तुषार काल जव्हारहून आला आणि अंगणातूनच ओरडला, "बाबा, मना ती खूण नाय!" डॉक्टरांनी सांगितलं, त्याला हा आजार व्हायची शक्यता फार फार कमी. तुझी मामी रडली. माझा जीव भांड्यात पडला. पोराने वाशावरचं सोंग काढून अंगणात एक फेरी नाचून दाखवली आणि मी पहिल्यांदा त्याच्या पाठीकडे न बघता त्याच्या पायांकडे बघितलं. फार सुंदर नाचतो गं.

आता दुसरं. हे लिहायला मला चार वेळा कागद बदलावा लागला.

तुझं पत्र मी तुषारला वाचून दाखवलं. मंगळूआजोबांच्या रक्तातून, असं आलं तिथे मी हसलो. अगं वेडे, मंगळूआजोबा या घरात जन्मले कुठे? ते खोडाळ्याकडचे. ढवळूपणजोबांना मुलगा नव्हता, एकच मुलगी, कमू. तिच्यासाठी घरजावई आणला. घरात राहिला म्हणून सोंग त्याच्या डोक्यावर आलं. तू घराच्या पिढ्या मागितल्यास. आपल्याकडे घराच्या पिढ्या म्हणजे सोंगाच्याच पिढ्या, पुकाऱ्यातली नावं. मी तीच लिहिली. मला वाटलं तुला ठाऊक असेल. तुलाही काही खटकलं नाही, कारण तूही तोच पुकारा ऐकत मोठी झालीस.

म्हणजे मंगळूआजोबा ताठ राहिले ते देवाच्या कृपेने नाही आणि रक्तातल्या कसल्या ठेव्यानेही नाही. हे दुखणं त्यांच्या वाट्यालाच नव्हतं. तुमच्या मॅडमना हे कसं सांगशील याचं मला वाईट वाटतंय.

हसू ओसरल्यावर मी पिशवी घेऊन निघालो. धुकं होतं. चालता चालता मनात आलं, मग ढवळूकडून तुकाकडे हे आलं कुठून? मधे तर कमूआजी. आणि मला ती दिसली, सपना. विहिरीवरून यायची तेव्हा तोंड जमिनीकडे. आम्ही पोरं तिच्यापुढे जाऊन वाकून तिचा चेहरा बघायचो आणि ती हसायची. सगळे म्हणत, हंड्यांनी वाकली. पण हंडे सगळ्याच बायका वाहत होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या तिच्याहून थोर, त्या ताठ होत्या. हे एवढं डोळ्यांसमोर असून पन्नास वर्षांत एकाच्याही मनात आलं नाही. तिच्या डोक्यावर सोंग नव्हतं ना, मग तिला खांब कोण करणार?

मग तुझी आई माघी आठवली. मग मी घरी येऊन तुझी पत्रं समोर ठेवली.

पोरी, पहाटे अंग दगड होतं आणि चाललं की विरघळतं, हे तू वेड म्हणून लिहिलंस. मी ते वाचलं तेव्हा मलाही गोड वाटलं, मामाभाची सारखी म्हणून. पण मी असा का चालतो ते तुला माहीत आहे. माझा डोळाही तुझ्या वयात असाच लाल झाला होता, दोनदा. तेव्हा भगताने धुरी दिली होती.

मी डॉक्टर नाही. माझी भीती खोटी ठरो. पण तू तुझं रक्त दे.

जगनमामा


(पोस्टकार्ड)
सूर्यमाळ, १९ फेब्रुवारी २०२५

सपना, रोज पिशवी उलटी करून बघतो. बँकेचीच पाकिटं. फोन लावला तर घेत नाहीस. रागावली असशील तर राग लिहून पाठव, पोचवायला मी आहे. मोह टपकायला लागलाय. सकाळी सगळ्या रानाला गोड वास असतो आणि मला तो आवडेनासा झालाय. जगनमामा.


पुणे
१८ मार्च २०२५

मामा,

राग आला होता. तुझा नाही, तुझ्या पत्राचा. मी ते पुस्तकात दडवून ठेवलं. रोज पहाटे कालव्याला जायचं बंद केलं. वेड आहे ना, मग सोडून बघू म्हटलं. आठवडाभरात अंथरुणातून उठताना भिंत धरायला लागले. तेव्हा मॅडमच्या खोलीत जाऊन दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या, मंगळूआजोबांचं आणि माझं.

मॅडमनी आधी प्रस्तावाचे कागद बाजूला केले. मग मला म्हणाल्या, बस. आणि मला बसताना बघत राहिल्या.

खूण माझ्यात आहे. एमआरआय केलं, कमरेच्या सांध्यांना सूज आहे. मणके अजून मोकळे आहेत. डोळा लाल होत होता तोही याच आजाराने. लवकर सापडलं, असं सगळे मला सांगतात. औषध सुरू झालंय, व्यायाम सुरू झालाय. व्यायाम म्हणजे काय तर चालणं आणि ताणणं. औषध लागू पडलं तर पाठ तुझ्यासारखी होणार नाही, कदाचित कधीच नाही. आता आपल्या घराच्या नमुन्यांवर मी काम करू शकत नाही. माझी नळी दुसरं कुणी हाताळतं. तिच्यावर माझं नाव नाही, आकडा आहे. परवा शीतकपाटापुढे उभी राहिले होते, त्यातल्या कुठल्या नळीत मी आहे हे मलाच कळायची सोय नव्हती.

मामा, मला भीती वाटते. हे मी इथे कुणाला म्हटलेलं नाही. दिवसभर मी लोकांना समजावते, घाबरू नका, खूण म्हणजे शिक्षा नव्हे. आणि रात्री पाठीवर हात फिरवून मणके चाचपते.

आई आठवते. मागून हाक मारली की ती मान वळवायची नाही, अख्खी वळायची. सावकाश, पावलं उचलून. मला ते फार रुबाबदार वाटायचं. डेपोत बाबांच्या कामावर डबा घेऊन गेली की बाबांचे सोबती म्हणायचे, राणीसाहेब आल्या. मी शाळेत तिच्यासारखी वळायचा सराव करायचे. तिला दुखत असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आणि मी इथे बसून तिचा गोल कागदावर काढला नाही. कागद लहान होता म्हणे.

नवीन झाड काढलंय. आता कागद मोठा घेतला. ढवळू, कमू, तुका, मग तू आणि आई शेजारी शेजारी, मग मी. कमूआजीचा आणि आईचा गोल अर्धाच काळा केलाय, कारण त्या दोघींना तपासायला आता कुणी नाही. मंगळूआजोबा बाजूला, लग्नाच्या रेघेने जोडलेले, कोरे आणि ताठ.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तू, तुकाआजोबा, ढवळूआजोबा, तुमच्या पाठीला निदान नारसिंह होता. तुम्ही वाकलात तर लोक म्हणाले, देव बसलाय. कमूआजीच्या आणि आईच्या पाठीला कुणी देवही दिला नाही. पाण्याचा हंडा दिला.

तुषारला माझी शाबासकी सांग.

सपना


सूर्यमाळ
६ एप्रिल २०२५

माझ्या बहिणीच्या लेकीस,

तुझं पत्र मी दारात हाक मारून फोडलं नाही. करवंदीच्या जाळीआड बसून वाचलं आणि तिथेच पुन्हा वाचलं. तुषारला दिलं, त्याने वाचून मामीला दिलं. तिला वाचता येत नाही, तरी तिने ते बराच वेळ हातात धरलं.

तू भीती लिहून पाठवलीस ते बरं केलंस. मीही तुला एक लिहितो. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तुषार सुटला, देवाचा दोष नाही हे कळलं. पण परवा सोंगाला तेल लावायला बसलो आणि हात थांबला. वीस वर्षं मी त्याच्यावर मनातून चिडत आलो. पाठ धरली की त्याला शिव्या द्यायचो, उतरली की नारळ फोडायचो. आमचं भांडण होतं, पण भांडायला कुणीतरी होतं. आता ते नुसतं उंबराचं लाकूड आणि वर रंग. त्याला म्हटलं, देवा, फुकट आळ घेतला तुझ्यावर, माफ कर. आणि मग मला रडू आलं, कारण आता रागावू कुणावर? बापावर? आजीवर? ज्यांनी दिलं त्यांनाच ठाऊक नव्हतं ते काय देतायत.

तुझं ते हंड्याचं वाक्य मला पिशवीपेक्षा जड झालं. ते घेऊन मी बरेच दिवस हिंडलो. माघीला या घरातून काय मिळालं? जमीन नाही, ती आम्हा भावांची. सोंग नाही, ते पुरुषांचं. लग्नात भांडी दिली, ती तिने चिंच लावून लावून झिजवली. आणि हे दुखणं मात्र बरोबर अर्धं वाटून दिलं, मला आणि तिला सारखं. तुमच्या त्या नाण्याला मुलगा-मुलगी कळत नाही. आम्हालाच कळत होतं.

बोहाड्याची बैठक काल झाली. अक्षय्य तृतीयेच्या आधी आपला बोहाडा आहे. तुषारच्या डोक्यावर सोंग, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पान खाऊन सगळे उठणार, तेवढ्यात मी बसूनच बोललो. म्हटलं, सोंगापुढे दिवटी घेऊन घरचं माणूस चालतं. यंदा दिवटी माघीची सपना धरील.

उठत होते ते पुन्हा खाली बसले. आपले भगत म्हातारे आहेत, तोंडाने फटकळ. ते म्हणाले, "लेकीची लेक कवापासून घरची झाली रं?"

मी म्हटलं, "घरचं दुखणं तिच्या पाठीत आलं, तवापासून."

मग मला सगळं सांगावं लागलं. तुझ्या परवानगीशिवाय चारचौघांत तुझं दुखणं बोललो, त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल. मी ढवळूपासून सुरुवात केली, कमूआजीपाशी आलो. तेव्हा मागे बसलेली जिजाकाकी, जी बैठकीत कधी बोलत नाही, ती म्हणाली, "कमूचं तोंड मी कधी सरळ बघितलं नाय. वाकूनच बघायला लागायचं." मग आणखी दोघी बोलल्या. एकीची मान, एकीची कंबर, एकीच्या लेकीचा लाल डोळा. बैठक बोहाड्याची राहिलीच नाही. सगळ्यांच्या कंबरा काही तुमच्या खुणेच्या नसतील, एवढं मलाही कळतं. बऱ्याचशा खरंच हंड्यांच्या असतील. पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं ना. तुझ्या मॅडमना सांग, पुढचं शिबिर जव्हारला नको, इथे वर घ्या, आणि तपासायला बाई डॉक्टर पाठवा.

भगत सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पोरीला इचारलास काय?"

नव्हतं विचारलं. मग मान खाली घालावी म्हटलं, तर ती आधीच खाली.

म्हणून आता विचारतो. दिवटी जड नसते, पण धूर फार असतो, तुझ्या डोळ्याला सोसेल का ते डॉक्टरांना विचार. सकाळ उजाडताना नारसिंह निघतो, संबळ वाजतो, चालायचं सावकाश. तुषार म्हणतो, ताई पुढे असेल तर मी पाऊल जपून टाकीन. यायचं नसेल, किंवा सगळ्यांसमोर असं उभं राहायचं नसेल, तर नाही म्हण. मी पंचांना काय ते सांगेन, आणि माझी माया तसूभर कमी होणार नाही. दुखणं तुला न विचारता आलं, दिवटी तरी विचारून द्यावी.

मात्र एक लक्षात ठेव. दुखण्यात तुझा वाटा निघाला, तर देवातही तो आहे, असं तुझा मामा चारचौघांत बोलून बसलाय, आणि ते तो मागे घेणार नाही.

तुझा
जगनमामा